रुखवतातला पलंगपोस

आमच्या घरात दुपारी बसायची पद्धत नव्हती. दुपारी बाईमाणूस दिसायचं ते शेंगा फोडताना, बाजरी पाखडताना, नाहीतर गोधडीला टाके घालताना. रिकामा हात दिसला की घराची रया जाते, असं आईचं म्हणणं. निमगावातल्या त्या घरात शालनवहिनी सून होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात, भांडी घासून झाल्यावर, पडवीत भिंतीला पाठ टेकून बसली. ट्रंकेतून आणलेली कापडी पिशवी तिनं उघडली, पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा मांडीत घेतला आणि पुढं बारीक आकडा असलेली एक पोलादी सुई चालवायला लागली. आई सुपातली बाजरी तशीच धरून बघत राहिली. हे खायचं की ल्यायचं, असं तिनं विचारलं. वहिनी नुसती हसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी आईनं स्वतःशीच ठरवून टाकलं की हात हलतोय म्हणजे हे काही बसणं नव्हे, आणि तो विषय मिटला. आमच्या आईचा कुठलाही विषय असाच मिटायचा, समोरच्याला न सांगता.

वहिनी डिंभ्याच्या वरची, डोंगराकडची. तिच्याकडे भात पिकायचा, आमच्याकडे बाजरी आणि कांदा. पहिले कित्येक महिने तिला भाकरी गिळवत नसे. ताकात कुस्करून, डोळे मिटून, औषध घ्यावं तशी ती खायची आणि कुणाला कळू द्यायची नाही. माझ्या मात्र लक्षात आलं होतं, कारण मी तिच्या शेजारी जेवायला बसायचे. माहेराहून तिचा भाऊ कधी तांदळाचं गाठोडं घेऊन आला की त्या दिवशी तिचा आवाजसुद्धा बदलायचा. क्रोशा ती शिकली होती गावात राहायला आलेल्या एका नर्सबाईकडून. त्या बाईंना एकटीला करमायचं नाही, म्हणून त्यांनी ह्या पोरीला हाताशी धरलं. बाईंची बदली झाली, सुई मागं राहिली. वहिनीचं शिक्षण चौथीपर्यंत, पण नुसता रुमाल पुढं ठेवा, बोटानं चाचपत ती तो वाचून काढायची आणि संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा हजर करायची.

ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तरी मी नणंद म्हणून ती मला 'तुमी' म्हणायची आणि मी तिला बेलाशक 'तू'. त्या वयात ह्यात काही वावगं आहे असं वाटलं नाही. आज लिहिताना वाटतं.

मी तेव्हा शाळा संपवून घरी बसले होते, म्हणजे लग्नाची वाट बघत होते. दुपारी विहिरीवरच्या इंजिनाची धडधड चालू असायची, गिरणीचा पट्टा फटफट वाजायचा, आणि पडवीत आम्ही दोघी. वहिनीनं मला शिकवायचा पुष्कळ खटाटोप केला. आधी साखळी, मग साखळीवर उभे टाके. त्या उभ्या टाक्यांना क्रोशात खांब म्हणतात. माझे खांब एक उंच, एक बुटका, एक कललेला. मला धीर नव्हता. ओळ संपायच्या आत पुढची दिसायला हवी असायची. चुकलं तर वहिनी रागवायची नाही, दोऱ्याचं टोक धरून ओढायची. सगळं सुर्रकन उसवलं की म्हणायची, "परत. दोरा कुठं पळून चाललाय?" मी मात्र चिडून सुई फेकायचे. आता माझी नात मोबाइलवर बघून क्रोशाचे ससे आणि कासवं विणते आणि उसवायची वेळ आली की अगदी माझ्यासारखीच सुई फेकते. मी तिला रागवत नाही. रागवायला तोंड पाहिजे ना.

एका चतुर्थीला आम्ही सगळे लेण्याद्रीला गेलो. पायऱ्या चढून सगळ्यांचा जीव वर आला होता. दर्शन झालं, आईनं नारळ फोडला आणि बघते तो वहिनी कुठं दिसेना. शोधायला मला धाडलं. ती बाजूच्या एका लेण्यासमोर मान वर करून उभी होती. लेण्याच्या कपाळावर दगडात कोरलेल्या कमानी आहेत, पिंपळाच्या पानासारख्या वर निमुळत्या होत गेलेल्या, आणि त्यांच्या खालून कुंपणासारखी जाळीची पट्टी गेली आहे. आम्ही लहानपणापासून शंभरदा तिथून गेलो असू, कधी वर बघितलं नव्हतं. वहिनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. मी हाक मारली तर म्हणाली, "थांबा वन्सं, चुकंल माझं." परत येताना एसटीतसुद्धा तिचं पेरांवर मोजणं चालूच होतं. घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी तिनं सुई घेतली आणि एक कमान विणून ठेवली. तळाशी चौदा खांब, वर जाता जाता एकच. दगडात होती तशीच.

त्या एका कमानीवरून पलंगपोस सुरू झाला. मधे चौकोनी जाळी, चारी बाजूंनी कमानींची रांग आणि कडेला ती कुंपणाची पट्टी. दोरा जुन्नरच्या बाजारातून यायचा. दादा कामावरून येताना तिच्यासाठी गुंडे आणायचा आणि आईला दिसू नयेत म्हणून भाजीच्या पिशवीत खाली घालायचा. वर्षभर ती विणत होती. कांद्याच्या काढणीत हात फाटायचे, दोऱ्याला डाग पडेल म्हणून ती बोटांना खोबरेल लावून, पुसून, मग सुई धरायची. पलंगपोस तिच्या गुडघ्यांवरून खाली उतरला, मग जमिनीवर आला, मग जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवावा लागायला लागला. माझ्या डोळ्यांसमोर झालं हे सगळं. एकेक कमान मी बघितली आहे. म्हणून मला कुठलीच पळवाट नाही.

त्या हिवाळ्यात जुन्नरहून एक बाई गावात आल्या. तालुक्याला बायकांसाठी शिवण आणि विणकामाचा वर्ग निघणार होता आणि त्यावर शिकवायला एक बाई पाहिजे होती. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी गावातल्या बायकांना बोलावलं. वहिनीनं दोन रुमाल नेले होते. बाईंनी ते उलटे करून बघितले, मागून गाठी दिसतात का ते तपासलं आणि शिक्षणाचं विचारलं. वहिनीनं चौथी म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या की शिक्षण कमी आहे, पण हात असा असेल तर मी वरच्यांशी बोलेन. फक्त रुमालावर भागणार नाही, पूर्ण केलेलं एखादं मोठं काम घेऊन वैशाखात जुन्नरला या. तारीख त्यांनी कागदावर लिहून दिली. वहिनीनं तो कागद पिठाच्या डब्यामागं ठेवला आणि त्या दिवसापासून ती भाकऱ्या थापताना गुणगुणायला लागली. दादाला विचारायचं बाकी होतं. त्यानं फार विचार न करता, एसटीनं जायचं-यायचं तर जा की, एवढंच सांगितलं. आई गप्प राहिली, म्हणजे तिनं होकार दिला.

आणि मग माझं जमलं. घोडेगावचं स्थळ, मुलगा शाळेत मास्तर. बघायला आले तेव्हा आईनं मासवड्या केल्या होत्या. पाहुण्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला, तेव्हाच आईनं ओळखलं की जमतंय. मुलाच्या आईनं मला विचारलं, विणकाम-भरतकाम काही येतं का? मी म्हटलं, क्रोशा येतो. ते अगदी खोटं नव्हतं. साखळी येत होती.

लग्न वैशाखात ठरलं, आणि जुन्नरला जायच्या तारखेच्या बरोबर आठ दिवस आधी. रुखवताची तयारी सुरू झाली. शेवया, कुरडया, सांडगे, पाच प्रकारचे लाडू, हे सगळं आईच्या हातचं चोख होतं. पण रुखवतात मुलीच्या हातचं म्हणून काहीतरी मांडावं लागतं आणि माझ्या हातचं काय होतं? एक थर्माकोलचं मंदिर, ज्याचा कळस कलला होता, आणि मण्यांचा एक पोपट. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात मी नवऱ्याकडच्या बायका रुखवतापुढून फिरताना बघितल्या होत्या. वस्तू उचलून, नाक मुरडून एकमेकींकडे बघणाऱ्या. मास्तरांच्या घरच्या बायका माझ्या पोपटाकडे कशा बघतील, ह्या विचारानं मी तो पुन्हा पुन्हा उलटासुलटा करून बघायचे.

दादा आणि वहिनी कायम हेच धरून चालले की पलंगपोस रुखवतात मांडायचं आईनं ठरवलं. आई गेली, आणि हा दोष तिच्या नावावर तसाच राहिला. खरं असं आहे की ते मी सुचवलं. आई पापड लाटत होती, वहिनी पाणी आणायला गेली होती. मी आईच्या शेजारी बसून म्हटलं, "वैनीचा पलंगपोस मांडला तर?" आईचं लाटणं थांबलं. ती म्हणाली, "तिचं जुन्नरचं काम हाय ना त्येच्यावर." मी म्हटलं, मांडवापुरता मांडायचा, नंतर द्यायचा परत. आईला रुखवताची रीत माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. तिथं मांडलेली वस्तू मुलीबरोबर जाते, परत येत नाही. हे मलाही ठाऊक होतं. दोघींनी एकमेकींना ठाऊक नसल्यासारखं केलं. संध्याकाळी आईनं वहिनीला सांगितलं आणि मी मुद्दाम परसात जाऊन कपडे गोळा करत बसले. वहिनीचं उत्तर मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पलंगपोस धुतला, खळ घातली, सावलीत वाळवला आणि इस्त्रीसाठी तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडानं एकेक कमान सरळ केली. मला म्हणाली, "माघारी आणताना घडी ह्या बाजूनं घाला, वन्सं. न्हाईतर कमानी चेपत्यात."

मांडवात तो पलंगपोस एका खाटेवर पसरला होता आणि त्यावर पुठ्ठ्याचं कार्ड, 'वधूची हस्तकला'. कार्ड माझ्याच अक्षरात होतं. नवऱ्याकडच्या बायका आल्या आणि नाक मुरडायला कुणाला सवडच झाली नाही. सासूबाई तर खाटेशेजारी बसल्याच. ही नक्षी कुठल्या पुस्तकातली, असं त्यांनी मला विचारलं. वहिनी लाडवांचं ताट घेऊन चार हातांवर उभी होती. तोपर्यंत मी गप्प होते, आणि गप्प राहिलं की आपण खोटं बोललो नाही अशी माणूस स्वतःची समजूत घालू शकतं. पण मी म्हणाले, "पुस्तकातली नाही. लेण्याद्रीच्या कमानी बघून सुचली." तिचे डोळेसुद्धा मी तिच्याकडून काढून घेतले. सासूबाईंनी माझ्या हनुवटीला हात लावून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. वहिनीनं ताट खाली ठेवलं आणि ती पंगतीच्या बाजूला निघून गेली.

पाचव्या दिवशी पाचपरतवणाला दादा मला माहेरी न्यायला आला. पलंगपोस घोडेगावच्या पुढच्या खोलीत पलंगावर घातलेला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला जात होता. आदल्या दिवशी मी तीनदा त्या खोलीत गेले. उचलावा आणि सासूबाईंना सांगावं, बस एवढंच करायचं होतं. काय सांगायचं, ते शब्दसुद्धा मी जुळवले होते. पण पाच दिवसांत त्या घरात माझी जी काही किंमत झाली होती ती त्या पलंगपोसावर झाली होती. मी रिकाम्या हातानं निघाले. फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा वहिनी आम्हाला घ्यायला आली होती. ती आधी माझ्या पिशवीकडे बघत होती. पिशवी लहान होती. त्यात दोन साड्यांपलीकडे काही मावणार नाही हे लांबूनसुद्धा कळत होतं. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसून विचारलं, "बरी हायेत ना वन्सं, सासरी समदी?" पिशवी तिनं माझ्या हातातून घेतली आणि पुढं चालायला लागली.

घरी आल्यावर दादा आईला म्हणाला की मी उद्या घोडेगावला जाऊन घेऊन येतो. आई म्हणाली, रुखवतातलं माघारी मागायचं म्हणजे लेकीचं नाक कापायचं. मी तिथंच होते. जा म्हणाले असते तर दादा गेला असता, तीन दिवस हातात होते. मी पाटावर बसून पुरणपोळी खात होते आणि पोळीवर तूप होतं, हे मला लख्ख आठवतं.

वहिनी त्या तारखेला जुन्नरला गेली. दोन रुमाल आणि तीन दिवसांत जागून विणलेली हातभर पट्टी घेऊन. बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्याबरोबर आणखी दोघे साहेब होते आणि टेबलावर इतर बायकांचे पडदे, स्वेटर, तोरणं ठेवलेली होती. मोठं काम कुठंय, असं विचारल्यावर वहिनी म्हणाली की नणंदेच्या लग्नात दिलं. दिलं असं म्हणाली ती. दादा बरोबर होता, त्यानं मला हे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ती जागा नारायणगावच्या एका बाईला मिळाली. वहिनीनं त्यावर भांडण केलं नाही, रडली असेल तर कुणाला दिसू दिलं नाही. नंतरही ती कधीमधी सुई धरायची, मुलांची टोपडी, देवापुढचा रुमाल. मोठं काही तिनं पुन्हा सुरू केलं नाही. दुपारी ती शेंगा फोडायला लागली.

आणि मी शिकले. गंमत बघा, घोडेगावात माझ्या हाताचा एवढा गवगवा झाला की शेजारणी नमुने मागायला यायला लागल्या. लबाडी निभवायला मला खरोखरच शिकावं लागलं. दार लावून, उसवून उसवून मी खांब सरळ केले. पुढं मला त्यातच गोडी लागली. गेली चाळीसेक वर्षं माझी दुपार क्रोशाशिवाय जात नाही. घोडेगावातल्या निम्म्या बारशांत माझी टोपडी आहेत. एखादं फूल मनासारखं उतरलं की मला खरा आनंद होतो, आणि त्या आनंदाच्या शेजारी लगेच वहिनी येऊन बसते. एकदा हळदीकुंकवाला ती आमच्याकडे आली होती. सासूबाईंनी तिलाच पलंगपोस दाखवला, बघा तुमच्या नणंदेची कला म्हणून. वहिनी छान आहे म्हणाली. मग तिचं बोट एका कमानीवर थांबलं. तिथला टाका तुटून सुटत आला होता, मला कधी दिसला नव्हता. तिनं माझ्याकडे सुई मागितली आणि बोलता बोलता तो टाका जागच्या जागी बसवून टाकला.

सांगेन सांगेन म्हणत इतकी वर्षं गेली. सासूबाई गेल्या, यजमान गेले, दादा गेला. आता ज्याच्यापुढं लाज वाटावी असं कुणी उरलं नाही, तेव्हा मला धैर्य सुचलं. गेल्या मार्गशीर्षात पलंगपोस पिशवीत घालून मी एसटीनं निमगावला गेले. वहिनीला हल्ली विसरायला होतं. माणसं ओळखते, पण मधली वर्षं गळून पडतात. तिची सून सविता चहा ठेवायला वळली आणि मी पलंगपोस वहिनीच्या मांडीवर उलगडला. ती त्यावरून हात फिरवायला लागली.

"वन्सं, ह्यो तर तुमच्या रुखवतातला," ती म्हणाली.

"वैनी, ह्यो तुझा हाय. तू इणलास. मी नेला."

ती हसली. "मला कुठं येतंय येवढं? मी आपली टोपडी इणायची. तुमचा हात हाय ह्यो."

सविता आतून म्हणाली की तिच्या सासूबाई घरात सगळ्यांना कायम सांगायच्या, आत्यांनी सबंध पलंगपोस विणला होता, लेण्याद्रीच्या कमानी बघून. म्हणजे माझं खोटं वहिनीनं आपल्या पोराबाळांना खरं म्हणून शिकवलं होतं, मला सासरी-माहेरी कुठंच कमीपणा येऊ नये म्हणून. आणि आता तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. चतुर्थीचा दिवस, दोऱ्याचे गुंडे, जुन्नरच्या बाईंनी दिलेला कागद, आईच्या शेजारी बसून मी काय बोलले ते, पिशवीत साड्याच होत्या ते. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी मन लावून ऐकत होती. मी थांबले तरी ती वाट बघत राहिली.

"मग घेतलं का त्या बाईला वर्गावर?" तिनं विचारलं.

"न्हाई घेतलं."

"आरारा," वहिनी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. मग तिनं पलंगपोसाची घडी घातली, कमानी चेपू न देता, आणि माझ्या पिशवीत नीट सारून पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"जाताना इसरू नका," ती म्हणाली. "लई दिस लागलं असतील तुमाला."

मी पिशवी घेतली आणि निघाले.